बेबी, अंडी बसवून कुणी जातं का

बेबी, ये इकडे. अशी दारात उभी राहू नको, निघाल्यासारखी. जवळ ये. ती प्लास्टिकची खुर्ची घे, खोक्याच्या या बाजूला ठेव आणि बस. आज मी बोलणार आणि तू ऐकणार. जन्मभर उलटं झालं, म्हणून आज तुझं काही चालायचं नाही.

अगं, अंडी बसवून कुणी जातं का? खुडूक कोंबडीखाली अंडी घालायची, टोपलीवर स्वतःच्या जुन्या साडीचा तुकडा टाकायचा, ‘बाय, हिला हाकलू नको गो, चिडकी हाय’ असं मला बजावायचं, आणि ती अंडी फुटायच्या आधी आपणच उठून जायचं. दुपारी छातीत कळ काय आली, संध्याकाळी अंगणात माणसं काय जमली. मी थोरली जाऊ, माझी पाळी आधी. रांगेत मध्ये घुसायची सवय तुला रेशनच्या दुकानापासून होती, पण तू इथेही घुसशील असं वाटलं नव्हतं.

लोक भेटायला येतात, विचारतात जेवण जातं का, झोप लागते का. मी हो म्हणते. खरं सांगू का, मला रडू कमी येतंय आणि भीती जास्त वाटतेय. सकाळी डोळा उघडला की आधी खोक्यात बघते आणि मग आठवतं की तू नाहीस. कसली भीती ते यांना सांगितलं तर हसतील. कोंबडीच्या पिल्लांची भीती वाटते म्हणून सांगायचं का या वयात? तू हसली असतीस, पण तुला कळलं असतं. म्हणून तुलाच सांगते.

तुला तर माहीतच आहे, माझी भीती काही आजची नाही. नौपाड्याजवळचं माहेर, तिथून लग्न होऊन मानपाड्याला आले तेव्हा घरामागे नुसती शेतं होती आणि संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. मी दार लावून बसायचे. तू आलीस माझ्या मागून धाकटी होऊन, आणि पहिल्याच आठवड्यात काठी घेऊन बाहेर गेलीस. ‘काय गो नौपाड्याची मडम, कोल्ह्याला पन घाबरतंस?’ तेव्हापासून घरात घाबरायचं काम माझं आणि बाहेर जायचं काम तुझं, असं वाटून घेतल्यासारखंच झालं. शेतं गेली, टॉवर आले, तरी वाटणी तीच. त्या टॉवरची माणसं आपल्या कोंबड्याची तक्रार घेऊन आली, पहाटे आरवतो म्हणून, तेव्हा मी स्वयंपाकघरात आणि तू फाटकात. ‘आमचा कोंबडा आधीपासून हाय. तुमची बिल्डिंग मागून आली. त्याला विचारून आली का?’ त्यातलीच एक बाई पुढे आपल्याकडून गावठी अंडी न्यायला लागली. तुझ्या दहाव्याला ती पांढरी साडी नेसून आली होती, आणि सगळ्यात जास्त तीच रडली.

आपल्या दोघींचं भांडण काय होतं, ते मी निलेशला सांगायला गेले, तर तुझा मुलगा म्हणतो, ‘मोठ्या आई, एवढ्या गोष्टीवर तुम्ही इतकी वर्षं भांडलात?’ त्याला काय ठाऊक. इथे मांजरं फार, म्हणून पिल्लं आपण कोंबडीबरोबर सोडत नाही, खोक्यात बल्बखाली वाढवतो. बल्ब एक, खोका एक. आणि दोन वेळची पिल्लं आली, एक आठवड्याने मोठं आणि एक लहान, तर एकाच खोक्यात कशी ठेवायची, एवढाच आपला प्रश्न. मी म्हणायचे मध्ये जाळी घाल. मोठ्याला पंख फुटलेले असतात, पायात जोर असतो, ते लहानाला तुडवतं, दाणे खाऊन टाकतं, आणि एकदा का चोच लागून रक्त दिसलं की सगळी मिळून तुटून पडतात. तू म्हणायचीस जाळी कशाला. ‘खोका लांब घ्यायचा, बल्ब एका टोकाला टांगायचा. ज्याला थंडी वाजंल तो जाईल बल्बाखाली, ज्याला गरम होईल तो येईल भायेर. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कलता.’

दोघींकडे पुरावे होते. तुझ्या एकत्र खोक्यात एक पिल्लू टोचून मेलं होतं, त्याचं नाव मी दर खेपेला काढायचे. माझ्या जाळीच्या खोक्यात लहान पिल्लं एकदा गारठून मेली, कारण जाळी अशी बसली की सगळी ऊब मोठ्यांच्या वाट्याला गेली. त्यांचं नाव तू काढायचीस. मेलेल्या पिल्लांनी कुठल्या वकिलाला केली नसेल एवढी मदत आपल्याला केली.

तू गेलीस त्या सकाळी पण हेच चाललं होतं. आदल्या दिवशी मी कल्याणच्या बाजारातून एक दिवसाची पिल्लं आणली होती, आणि तुझी अंडी फुटायला अजून अवकाश होता. तू खोक्यात वाकून बघितलंस आणि म्हणालीस, ‘माझी फुटली की तुझ्यात सोडनार. जाली बिली काय घालायची नाय.’ मी म्हणाले, ‘सोड. मग हळद लावायला मला हाक मारू नकोस.’ तू तोंड वाकडं करून भाजी निवडायला बसलीस. भांडण म्हणजे एवढंच. त्यात वाईट काही नव्हतं, ते आपलं नेहमीचं होतं. आता लोक सांगतात, शेवटचं बोलणं गोड असावं. आपलं कुठलं बोलणं गोड होतं गं? पण तुला एक सांगायचं राहिलं. मधूनमधून मला वाटायचं, तुझंच बरोबर असेल. मी बोलले नाही. बोलले असते तर विषय संपला असता, आणि मग पिल्लं आली की आपण बोललो काय असतो?

आता दहाव्याचं ऐक. तिथेच सगळा घोटाळा झाला.

खाडीच्या घाटावर पिंड ठेवले. ऊन हे असं. कावळे होते, नव्हते असं नाही. विजेच्या तारेवर ओळीने बसलेले. पण एक खाली येईना. निलेशने हात जोडले, म्हणाला, आई, ताईचं माहेरपण मी करीन. कावळा हलला नाही. म्हणाला, घराचा तुझा वाटा बिल्डरला देणार नाही. कावळ्याने पंख साफ केले. मग निलेशने धावत जाऊन वडापाव आणून ठेवला. आपली नणंद तिच्या कमरेची मिश्रीची डबी काढून पिंडापाशी ठेवून आली, म्हणाली, ‘हिला जेवनापेक्षा मिशरी लागायची.’ तेवढ्यातही मला हसू आलं. पण कावळा काही येईना. भटजी छत्री धरून उभे, घड्याळ बघतायत. त्यांना पुढे दुसरीकडे जायचं होतं. बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली, हिचा जीव कशात अडकलाय म्हणून. आणि तीच नणंद मोठ्याने म्हणाली, ‘अगो, हिचा जीव कोंबड्यांत.’

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

मला सगळ्यांसमोर बोलायची सवय नाही, ते काम तुझं. पण पुढे गेले. म्हणाले, ‘बेबी, तुझी अंडी फुटली की पिल्लं मी वाढवीन.’ कावळे तिथेच. मनात आलं, ही बया अजून भांडणावर आहे. वाढवीन म्हटल्याने हिचं समाधान व्हायचं नाही, हिला पूर्ण पाहिजे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘एकाच खोक्यात वाढवीन. जाळी घालणार नाही.’

आणि कावळा शिवला.

सगळ्यांनी हात जोडले, कुणी कुणी डोळे पुसले. माझे जोडलेले हात मात्र सुटेनात. निलेश मला रिक्षात घालून घरी आणत होता तेव्हा म्हणाला, ‘मोठ्या आई, भटजींनी छत्री मिटली आणि मागे सरकले, म्हणून कावळा उतरला. तो छत्रीला घाबरत होता.’ छत्री मिटताना मीही बघितलं होतं. पण ज्याने शब्द दिलाय त्याला असं म्हणता येतं का? ज्याने दिला नाही त्याला म्हणता येतं.

मग अंडी फुटली. तुझ्या चिडक्या कोंबडीने एक वाया जाऊ दिलं नाही. साडीचा तुकडा बाजूला केला तर खालून चिवचिव. ओली पिल्लं सुकून कापसासारखी झाली, तरी मी त्यांना हात लावत नव्हते. तोवर माझी पिल्लं पंधरवड्याची झाली होती. तुझ्या हिशेबात आठवड्याचा फरक असायचा, बेबी. पंधरवड्याची पिल्लं आणि कालची पिल्लं तूसुद्धा कधी एकत्र घातली नव्हतीस. हे मला घाटावर सुचलं नाही. सुचलं असतं तर तेवढी पुरवणी लावून बोलले असते.

तुझी सून रोहिणी शहाणी आहे. म्हणाली, ‘मोठ्या आई, दुसरा खोका घेऊया, दुसरा बल्ब आणूया. नाहीतर जाळी टाका सरळ. आईंना आता काय कळणार आहे?’

मी म्हटलं, ‘तिला कळत असतं तर टाकलीच असती. तिच्याशी भांडता आलं असतं.’

ती आत गेली. थोड्या वेळाने हळद आणि खोबरेल तेलाची वाटी आणून खोक्याशेजारी ठेवून गेली.

तू करायचीस तसंच केलं. कातरवेळी, मोठी पेंगायला लागली की मगच लहान सोडायची. बल्बला गणपतीच्या मखरातला उरलेला लाल जिलेटिन कागद गुंडाळला, म्हणजे रक्त आलंच तर लाल दिसायला नको. पाण्याच्या ताटलीत गोट्या घातल्या, लहान बुडू नयेत म्हणून. दाणे दोन टोकांना ठेवले. मग एक एक पिल्लू ओंजळीत घेऊन बल्बाखाली ठेवलं. ओंजळीत त्यांचं काळीज धडधडत होतं का माझं, ते काही सांगता येत नव्हतं.

आधी काही झालं नाही. मग मोठ्यांतला तो काळा उठला. मान वाकडी करून बघत बघत आला. तुझ्या एका पिल्लाच्या पायाच्या बोटावर, किडा समजून, टक्कन चोच मारली. ते किंचाळलं. दुसरं मोठं आलं. माझा हात जाळीवर गेला. जाळी तिथेच, भिंतीला टेकवून ठेवलेली. मी ती उचलली पण होती, बेबी. उचलली, धरून उभी राहिले, आणि घाटावरची सगळी माणसं डोळ्यांपुढे आली. खाली ठेवली. काळ्याला बोटाने मागे ढकललं. तो परत आला. परत ढकललं. माझी पिल्लं तुझ्या पिल्लांना टोचत होती, आणि मी मध्ये बोट घालून बसले होते, याची मला एवढी लाज वाटली की काय सांगू. पिल्लांना काय माझं-तुझं? पण मला वाटत होतं, तू बघतेयस, आणि ही माझी कार्टी आहेत.

कमरेत कळ येईपर्यंत बसले. मग रोहिणी आली आणि ती बसली. शेवटी मोठी दमून लांबच्या टोकाला गेली, लहान बल्बाखाली गोळा झाली. अगदी तू म्हणायचीस तसंच. मला बरं वाटायला हवं होतं, पण रागच आला. हे बघायला तू नाहीस, आणि ‘बघ, सांगितला नव्हता?’ म्हणायला पण नाहीस.

तो लाल उजेड बघून आमचे हे गेले तेव्हाचं आठवलं. तेव्हा तू पिल्लांचा खोका उचलून माझ्या खोलीत आणून ठेवलास. म्हणालीस, माझ्याकडे जागा नाही, तुझ्याकडे राहू दे, बल्ब चालू आहे का तेवढं बघत जा. मी कुरकुर केली, वास येतो म्हटलं. तुझ्याकडे जागा होती. जागेचा प्रश्नच नव्हता. अंधारात एकटीला झोप यायची नाही हे तुला ठाऊक होतं, आणि तसं तोंडावर बोलून मला लाजवायचं पण नव्हतं. मी समजत होते, मी पिल्लं सांभाळतेय. तुझे आभार मानायचे राहून गेले. जवळच्या माणसाचे आभार मानायचे असतात हे आपल्या घरात कुणी शिकवलं नाही, आणि मानले असते तर तू म्हणाली असतीस, ‘डोकं फिरला काय गो बाय?’

आता कालचं सांगते, कारण काल मी एक गोष्ट केली आणि तिचाच घोर लागलाय.

काल सकाळी काळ्याने एकाच्या शेपटीपाशी टोचून रक्त काढलं. हळद लावली, तेल लावलं, पिवळंधमक करून टाकलं. बाकीची बघत होती. मला वाटलं, आता हे जगत नाही, उद्या मी मेलेलं पिल्लू उचलणार. आणि मग मी निलेशच्या बुटांचा रिकामा खोका घेतला, उपडा केला, कात्रीने त्याला खाली छोटी छोटी दारं पाडली. लहान आत जाईल, मोठं जाणार नाही, अशी. तो खोका बल्बाखाली ठेवून दिला. बेबी, ती अशी पटकन आत पळाली, जणू त्यांना कुणी सांगून ठेवलं होतं. काळा आला, दारात डोकं घालून बघितलं, छाती अडकली, मागे गेला. आतून चिवचिव.

मी जाळी घातलेली नाही. खोका एकच आहे, बल्ब एकच आहे, पिल्लं एकत्रच आहेत. पण याला जाळी म्हणायचं का? मी रोहिणीला विचारलं, ती म्हणाली, ‘नाही हो, हा तर बुटांचा खोका.’ निलेशला विचारलं, तो हसला. या दोघांच्या उत्तराने माझं काय होणार? शब्द मी त्यांना दिला नव्हता.

आणि पत्र्यावर कावळा येतो. दहाव्यापासून रोज. कोंबड्यांचे दाणे खायला येतो, हे मला कळतं गं. याआधी कावळा दिसला की आपण दोघी काठी घेऊन उठायचो, कारण हे मेले पिल्लू उचलून नेतात. आता काठी हातात असते आणि हात वर होत नाही. वाटतं, तू असलीस तर? आणि तू नसून नुसता कावळाच असला, आणि उद्या दार उघडं राहिलं, तर? तुला हाकलायचं की तुझी पिल्लं वाचवायची, हे मी कसं ठरवू? आज सकाळी त्याने माझ्याकडे बघितलं आणि काव केलं. मी हातातलं दाण्याचं भांडं खाली ठेवून आत आले. चहा निवून गेला.

हळदीचं पिल्लू त्या बुटांच्या खोक्यात एका कोपऱ्यात बसलंय. खातं, पण पंख खाली सोडून बसतं. थंडी आहे, मार आहे, का नुसतं लाडात आलंय, ते मला कळत नाही. तू एकदा उचलून, पोटाला बोट लावून सांगायचीस. मी लावते तर मला नुसती पिसं लागतात.

म्हणून म्हणते, एकदा येऊन जा. गेलेल्या माणसाला हाक मारू नये म्हणतात, आपल्या नणंदेने तर दोनदा बजावलंय. बजावू दे तिला. तू ये. मात्र दिवसा ये, उजेड असताना, आणि कावळ्याबिवळ्याच्या रूपाने नको, मला ओळखू येत नाही. स्वप्नात ये, दुपारी मी खोक्याशेजारी जरा लवंडते तेव्हा. ये, बुटांचा खोका बघ, आणि सांग हा चालतो की नाही. चालत नाही म्हणालीस तर मी उचलीन, मग पुढचं तू आणि ती पिल्लं बघा. आणि लवकर ये, बेबी. पिल्लं रोज वाढतायत, मी पाडलेली दारं काही वाढत नाहीत. आणखी थोड्या दिवसांत तुझी पिल्लं त्यातून आत जायची नाहीत. ती अजून मावतायत तोवर ये.